फॅनफिक वहीतच ठेवावी की लोकांसमोर टाकावी?

वहीत नाहीतर मोबाईलच्या नोट्समध्ये चार-पाच फॅनफिक, म्हणजे दुसऱ्या लेखकाच्या पात्रांवर आपण रचलेल्या गोष्टी, पडून आहेत आणि 'टाकू की नको' असं ज्यांचं चाललंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी दोन्ही करून पाहिलंय. बरीच वर्षं फास्टर फेणेवर फक्त स्वतःपुरतं लिहिलं, मग हळूहळू इतरांना वाचायला देऊ लागलो.

स्वतःपुरतं लिहिण्याचं सुख मोठं आहे, त्यात वाद नाही. भा. रा. भागवतांचा बन्या, म्हणजेच फास्टर फेणे, फुरसुंगीचा. ते गाव २०१७ साली पुणे महापालिकेत गेलं. माझ्या गोष्टीतला बन्या त्या वेळी चाळिशीचा आहे, सायकल सोडलेली नाही, पण 'ट्टॉक्' करणं त्यानं कधीचंच बंद केलंय. 'हा आमचा बन्या नव्हेच' असं वहीत कुणी म्हणत नाही. लोकांसमोर म्हणतात, आणि त्यांचंही चूक नसतं. बन्यावर जीव त्यांचाही आहेच.

कायद्याच्या दृष्टीनंही वही बरी. भागवत २००१ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०६१ साल संपेपर्यंत. घरात स्वतःसाठी लिहिलेल्यावर कुणी बोट ठेवत नाही, पण बाहेर टाकलं की, एक पैसा घेतला नाही तरी, गोष्ट तितकी सरळ राहत नाही. याची धाकधूक वाटत असेल तर कर्ण-द्रौपदीवर लिहा. त्यांच्यावर कुणाचा हक्क नाही, आणि मराठी वाचकाचं त्यांच्यावरून मन भरलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

एवढं असूनही मला वही पुरेना, ती तिच्यातल्या कंसांमुळे.

'(इथे बन्या आणि सुभाषचं भांडण.)' असा एक कंस होता. सुभाष म्हणजे बन्याचा मित्र. त्याखाली लगेच पुढचा प्रसंग: दोघांचं बोलणं बंद आहे, हडपसरला सुभाष बन्याला पाहून रस्ता ओलांडून पलीकडे जातो. भांडण माझ्या डोक्यात शब्दाशब्दानिशी तयार होतं, त्यामुळे ते कागदावर उतरवायची निकडच वाटली नाही. वही चाळली तर जागोजागी हेच. '(आईचं पत्र.)' '(बन्या नोकरी सोडतो, कारण नंतर.)' आवडते प्रसंग घोटून घोटून लिहिलेले, आणि लिहायला जड ते सगळं कंसात. त्यातलं नोकरी सोडण्याचं कारण पुढे मला आठवेना. वाचणारा मी एकटाच, त्यामुळे कंस भरायला लावणारं कुणी नव्हतं.

पुढे तीच गोष्ट आवरून टाकली, भांडणाशिवायच. एका वाचकानं एवढंच विचारलं, 'सुभाष इतका का चिडला?' त्या रात्री भांडण लिहायला बसलो. डोक्यात होतं तोवर त्यात बन्या बरोबर होता. सुभाषची वाक्यं एकेक करून लिहायला लागल्यावर दिसलं की बरोबर सुभाष आहे. मग गोष्टीचा शेवटच बदलला. हे वहीत कधीतरी झालंही असतं कदाचित, पण इतक्या वर्षांत झालं नव्हतं.

टाकण्याचा त्रास नाही असं मात्र नाही. 'पुढचा भाग कधी?' हे प्रेमानं विचारतात, तरी त्याचा दाब येतो. प्रत्येक भाग टांगता ठेवून संपवायची सवय लागते आणि संथ प्रसंग आपोआप गळतात. कधी कुणीच काही म्हणत नाही, तेही लागतं. २०१९ चा ह्यूगो पुरस्कार मिळालेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या फॅनफिकच्या संकेतस्थळावर सोयी चांगल्या आहेत: गोष्ट फक्त सदस्यांना दिसेल असं करता येतं, अभिप्राय बंद ठेवता येतात, आपलं नाव काढून गोष्ट तेवढी मागे ठेवता येते. पण कुणी उतरवून घेतली असेल तर ती परत येत नाही. शिवाय तिथे मराठी वाचणारे थोडेच. माझ्या अनुभवात सुरुवातीला ओळखीतले, ज्यांनी मूळ पुस्तकं वाचली आहेत असे दोघं-तिघं वाचक पुरतात.

स्वभाव ज्याचा त्याचा. दुःखाच्या दिवसांत केवळ मन हलकं करायला लिहिलेलं असेल, तर ते खुशाल जवळ ठेवा. माझंही तसलं काही वहीतच आहे आणि तिथेच राहील. पण गोष्ट म्हणून लिहिली असेल, आणि तिच्यात एक जरी कंस असेल, तर माझा कौल टाकण्याकडे. सुरुवात एका भागात संपणाऱ्या गोष्टीनं करा. लांब असेल तर मी आधी सगळे भाग लिहून पुरे करतो, मगच पहिला टाकतो, आणि पुढचे दर शुक्रवारी एकेक.