क्लॉप आणि गार्डिओला : खर्चाच्या हिशेबात कोण सरस?

लिव्हरपूल आणि मँचेस्टर सिटी या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांच्या चाहत्यांमध्ये वाद सुरू झाला की एक बाजू प्रशिक्षक पेप गार्डिओला यांनी सिटीला जिंकून दिलेले चषक मोजते आणि दुसरी बाजू त्यासाठी ओतलेले पौंड. दोन्ही मोजणी खरी असली, तरी ज्याला स्वतःचे मत बनवायचे आहे त्याचे त्यातून समाधान होत नाही. खेळाडूंच्या खरेदीवर एकूण किती खर्च झाला यापेक्षा, एखादी खरेदी फसल्यावर ती निस्तरायला त्या प्रशिक्षकाला किती काळ लागला आणि पैसा कुठून आला, हे पाहावे, असे मला ठामपणे वाटते.

गोलरक्षकाचेच उदाहरण घ्या, कारण तिथे दोघांचीही पहिली निवड चुकली. गार्डिओला यांनी २०१६ मध्ये सिटीचा आधीचा गोलरक्षक जो हार्टला बाजूला करून बार्सिलोनाहून क्लॉदिओ ब्राव्होला आणले; तो हंगाम त्याला जड गेला आणि पुढच्याच उन्हाळ्यात सिटीने बेनफिकाला सुमारे ३.५ कोटी पौंड देऊन एडरसनला घेतले. लिव्हरपूलचे तेव्हाचे प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी त्याच २०१६ मध्ये माइन्झहून लोरिस कारियसला पन्नास लाख पौंडांहूनही कमी रकमेत आणले होते. तिथला प्रश्न दोन वर्षे रेंगाळला आणि मे २०१८ मध्ये कीव्हमध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, कारियसने हाताने फेकलेला चेंडू रेआल माद्रिदच्या बेन्झेमाच्या पायाला लागून गोलजाळ्यात गेला, तेव्हा तो साऱ्या जगाला दिसला. त्यानंतर नवा गोलरक्षक अॅलिसनसाठी सुमारे ६.५ कोटी पौंड मोजता आले, कारण त्याच वर्षी जानेवारीत फिलिपे कुटिन्हो बार्सिलोनाला विकला गेला होता आणि त्या व्यवहाराची किंमत, पुढे अटींनुसार मिळणाऱ्या जोड-रकमांसह, १४ कोटी पौंडांच्या घरात होती. बचावपटू व्हॅन डाइकचे ७.५ कोटी पौंडही त्याच महिन्यातले. पुढच्या हंगामात लिव्हरपूलने प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये अवघे २२ गोल स्वीकारले आणि चॅम्पियन्स लीग जिंकली. सिटीला चूक सुधारण्यासाठी आपला कोणताही मोठा खेळाडू विकावा लागला नाही. लिव्हरपूलला लागला, आणि दोन्ही क्लबांतला खरा फरक हाच आहे.

बगलेच्या बचावपटूंची गोष्ट मात्र गार्डिओला यांच्या बाजूनेही वाचता येते. २०१७ च्या उन्हाळ्यात सिटीने वॉकर, मेंडी आणि डानिलो या तिघांवर १२ कोटी पौंडांच्या आसपास खर्च केला, तर लिव्हरपूलने लीगमधून खाली घसरलेल्या हल सिटीकडून अँडी रॉबर्टसनला सुमारे ८० लाखांत घेतले आणि उजवी बाजू अकादमीतून आलेल्या अलेक्झांडर-अरनॉल्डकडे सोपवली. खरेदीची नजर म्हणून क्लॉप आणि त्यांच्या निवडकर्त्यांचे पारडे इथे निर्विवाद जड आहे. पण मेंडीचा गुडघा सप्टेंबरमध्येच दुखावला आणि गार्डिओला यांनी डेल्फ आणि झिंचेंको या मूळच्या मध्यरक्षकांना तिथे खेळवून तो हंगाम १०० गुणांनी जिंकला. हे काम सरावाच्या मैदानावर झाले, तिजोरीच्या बळावर नव्हे.

केवळ पैशाने सारे मिळते असे मानणाऱ्यांनी मँचेस्टर युनायटेडकडे एकदा पाहावे. पोग्बासाठी ८.९ कोटी, मॅग्वायरसाठी ८ कोटी, अँटनीसाठीही ८ कोटींच्या पुढे, आणि तरीही २०१३ नंतर आलेल्या एकाही प्रशिक्षकाला त्या क्लबला लीग जिंकून देता आली नाही.

खरेदीच्या आकड्यावर विसंबण्यात आणखी एक अडचण आहे. अँटनी आला त्याच २०२२ च्या उन्हाळ्यात सिटीने अर्लिंग हालंडला केवळ ५.१ कोटी पौंडांत घेतले, आणि लिव्हरपूलने डार्विन नुन्येझसाठी मोजलेली रक्कम त्याहून मोठी होती. कागदावर सिटीचा व्यवहार स्वस्त दिसतो, पण हालंडच्या जुन्या करारातच ती किंमत ठरलेली होती आणि असा खेळाडू भल्यामोठ्या वेतनाशिवाय येत नाही. म्हणून तुलना करताना वेतनखर्च बाजूला ठेवणारा कोणताही तक्ता मी ग्राह्य धरणार नाही.

निवड करायचीच असेल, तर प्रश्न आधी निश्चित करावा. वर्षानुवर्षे त्याच उंचीवर राहण्याला महत्त्व असेल, तर २०१८ ते २०२४ या काळात सहा लीग विजेतेपदे आणि २०२३ मध्ये एकाच हंगामात तीन मोठे चषक मिळवणारे गार्डिओला यांच्याजवळ कोणीही फिरकत नाही. सिटीवर प्रीमियर लीगने फेब्रुवारी २०२३ मध्ये आर्थिक नियमभंगाचे आरोप ठेवले आणि क्लबने ते नाकारले, हे ध्यानात ठेवावे. पण ते क्लबच्या जमाखर्चाविषयी आहेत, प्रशिक्षकाच्या डावपेचांविषयी नाहीत.

मात्र हाती आलेल्या प्रत्येक पौंडाचे चीज कोणी केले, एवढाच प्रश्न असेल, तर माझे मत क्लॉप यांना आहे. लिव्हरपूलमध्ये त्यांच्या खात्यावर लीगचे विजेतेपद एकच आहे आणि ९७ गुण मिळवूनही २०१९ मध्ये ते एका गुणाने हुकले, तरी त्यांच्या खरेदीचे मोल त्यांच्या कारकिर्दीपुरते मोजणे अन्यायाचे ठरेल. ते गेल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, २०२४ मध्ये, त्यांच्या जागी आलेले प्रशिक्षक आर्ने स्लॉट यांच्या संघात त्याच हंगामासाठी दाखल झालेला नवा मोठा खेळाडू म्हणजे फेडेरिको किएझा एवढाच होता, आणि लीग जिंकणाऱ्या त्या संघाचा कणा होते क्लॉप यांच्याच काळात घेतलेले अॅलिसन, व्हॅन डाइक आणि सलाह.