आठ महिने सर्जचे ग्राफ काढल्यावर

आमचं काम बीड जिल्ह्यातल्या पाणी योजनांच्या डिझाईनचं. पाईपांच्या नेटवर्कला एपानेट हे सॉफ्टवेअर पुरतं, पण त्यात वॉटर हॅमर, म्हणजे पाण्याचा वेग एकदम तुटल्यावर पाईपात बसणारा दाबाचा दणका, निघत नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यात ऑफिसनं सर्जचं, म्हणजे याच दणक्याचं, सॉफ्टवेअर घेतलं. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत.

आमच्याकडे सर्जचं कारण शोधावं लागत नाही. लाईट जाते आणि पंप एकदम बंद पडतो. एका योजनेवरचे ऑपरेटर मामा सांगत होते, "सायेब, लाईट गेली की एनआरव्ही आसा आदळतो, भिंत हालती." एनआरव्ही म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह. त्यांची रायझिंग, म्हणजे पंपापासून वर पाणी चढवणारी पाईपलाईन, 300 मिमी डीआय (डक्टाईल लोखंडाची), 9 किलोमीटर, बालाघाटाचा चढ चढणारी. पाण्याचा वेग सेकंदाला 1.1 मीटर, दाबाच्या लहरीचा 1,100. वेग एकदम तुटला तर दाबात सुमारे 123 मीटर उंच पाण्याएवढा फरक पडतो, एवढं तर कॅल्क्युलेटरवरही निघतं. पण तो नेमका कुठे आणि कधी बसतो, ते बघायला ग्राफ लागतो.

प्रोफाईलचा ग्राफ मात्र झकास. जमीन, पाईप, वर कमाल दाबाची रेष, खाली किमान. आमच्या लाईनला 5,400 चेनेजवर, म्हणजे सुरुवातीपासून 5,400 मीटरवर, एक उंचवटा आहे. तिथे किमान दाब उणे 10 मीटरच्या आसपास जातो आणि पुढे काही अंतर तिथंच सपाट राहतो. सपाट दिसलं की माणसाला वाटतं, इथं शांत आहे. उलट तिथं पाण्याची वाफ होऊन पाण्याचा खांब तुटलेला असतो, आणि दोन्ही तुकडे परत भिडले की खरा दणका तिथंच. साहेबांनी प्रिंट बघितली. वरची रेष पाईपच्या क्लासच्या, म्हणजे पाईप सोसेल त्या दाबाच्या, आत. म्हणाले, "झालं की मग!" मी खालच्या रेषेवर बोट ठेवलं.

वेळेच्या ग्राफनं मात्र छळलं. कोणत्या नोडचा (लाईनवरच्या बिंदूचा) ग्राफ हवा ते रन करायच्या आधीच निवडावं लागतं. पहिल्या महिन्यात अख्खी दुपार रन केले आणि नंतर कळलं, उंचवट्याच्या नोडला टिकच नव्हती. त्याआधीची चूक माझीच: रन 10 सेकंदांचा ठेवलेला. लहर टोकाला जाऊन परत यायलाच 16 सेकंद लागतात!

सगळ्यात वाईट भानगड पुढची. सॉफ्टवेअर हिशोब करतं दर 0.02 सेकंदाला, पण ग्राफसाठी साठवतं सेकंदाला एकदा. प्रोफाईलवर त्या नोडचा कमाल दाब 182 मीटर, वेळेच्या ग्राफचा शेंडा 141. दोन दिवस मी स्वतःच्याच मॉडेलवर संशय घेत बसलो. प्रत्येक टप्पा साठवायला लावल्यावर आकडे जुळले. फाईल तेवढी फुगली. ही सेटिंग मॅन्युअलमध्ये आहे, पण जिथं ग्राफ काढतो तिथं एक सूचना टाकायला काय जात होतं?

बाकी किरकोळ. ग्राफच्या शीर्षकात मराठी लिहिलं की चौकोन येतात. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये कमाल-किमान रेषा सारख्याच दिसतात, म्हणून मी आकडे एक्सेलमध्ये नेऊन एक रेष तुटक करतो.

ऑफिसातला एक पोरगा एपानेटची तीच फाईल पायथनच्या टीएसनेटमध्ये फुकट चालवतो. ग्राफ स्वतः कोड लिहून काढतो. त्याला जमतं, मला नाही.

मार्चमध्ये लायसन्स संपतंय. नूतनीकरणाच्या फाईलला मी दोन प्रिंट लावल्यात, उंचवट्यावर वन-वे टँक (दाब पडला की लाईनीत पाणी सोडणारी टाकी) नसतानाची आणि असतानाची. दोन्हींत खालची रेष लाल स्केचपेननं गिरवलीय.