उरलेल्या आमटीला डबा कुठला: स्टील, काच की प्लास्टिक?

डबे घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, ‘स्टीलमध्ये दाखवू की काचेत?’ त्याआधी एक गोष्ट घरी ठरवून निघावं: उरलेलं आपण दुसऱ्या दिवशी गरम कशावर करतो? गॅसवर पातेल्यात ओतून करत असाल, तर स्टील सोडून दुसरीकडे बघायचं फारसं कारण नाही. डबा तसाच मायक्रोवेव्हमध्ये जाणार असेल, तर काच. आणि जे गरम करायचंच नाही, त्याला प्लास्टिक चालतं. बाकी सगळी चर्चा यानंतरची.

स्टीलपासून सुरुवात करू, कारण ते घरात आधीच आहे. अहेरात आलेले, नाव घातलेले डबे माळ्यावर पडलेले असतात आणि आपण नवे सेट बघत फिरतो. ते खाली काढा. स्टीलला हळद लागत नाही, वास राहत नाही, तारेच्या घासणीने घासलं तरी बिघडत नाही. कुकरमध्ये भाताच्या जागी डबा ठेवून वाफेवर आमटी किंवा भात गरम करता येतो, आणि हे दुसऱ्या कुठल्याही डब्याला इतक्या बिनधास्त जमत नाही. थेट आचेवर मात्र डबा ठेवू नये. पातळ बुडाला लगेच डाग पडतो आणि भाजी मधोमध करपते. आंबट पदार्थांची धास्ती बाळगायचं कारण नाही. कढी, सार, चिंचगुळाची आमटी चांगल्या स्टीलमध्ये फ्रीजमध्ये एखाद-दोन दिवस निर्धास्त राहते. धास्ती ॲल्युमिनियमची आणि कल्हई गेलेल्या पितळेची बाळगावी.

नवं घेताना 304 असं लिहिलेलं बघा. त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. स्वस्तातल्या 201-202 मध्ये निकेल कमी असतं आणि ते तुलनेने लवकर गंजतं. लोहचुंबक लावून पाहण्याचा जो सल्ला सगळे देतात, तो इथे उपयोगाचा नाही, कारण चुंबक या दोन्हींना चिकटत नाही.

स्टीलची खरी अडचण एकच: आतलं दिसत नाही. फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यातला डबा उघडायची हिंमत होत नाही, तो हाच. झाकणावर कागदी टेपची पट्टी चिकटवून त्यावर पदार्थ आणि तारीख लिहिली की प्रश्न मिटतो. पारदर्शक झाकणाचे स्टीलचे डबेही मिळतात, पण ते झाकण प्लास्टिकचंच असतं आणि पहिलं तडकतं तेच.

काचेचा डबा मायक्रोवेव्ह असलेल्या घरात सगळ्यांत सोयीचा. त्यातलं दिसतं, त्यातच गरम होतं आणि नीटनेटका असेल तर तोच ताटाशेजारी ठेवता येतो. माशाच्या कालवणाला तर काचच. गोव्यात ‘कालची कोडी’ मुद्दाम उरवतात, कारण आमसुलाचा आंबटपणा दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो; काचेत तिचा वास मागे उरत नाही. पण काच सगळी सारखी नसते. बोरोसिलिकेट काच तापमानातल्या फरकाने फार कमी प्रसरण पावते, साध्या काचेच्या जवळजवळ एक तृतीयांश. ‘टफन्ड’ लिहिलेली बरीचशी काच साधीच असते, फक्त कडक केलेली. ती फुटली की बारीक तुकड्यांचा सडा पडतो. फ्रीजमधून थेट गॅसवर दोन्ही ठेवायच्या नाहीत. आणि वजन लक्षात घ्या: साबणाच्या हातातून निसटणाऱ्या जड डब्याचा विचार भांडी घासणाऱ्यालाही करावा लागतो.

प्लास्टिकबद्दल मी थोडी कठोर आहे. डब्याच्या बुडाला त्रिकोणात 5 असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. त्यातल्या त्यात हेच गरम अन्नाला चालण्यासारखं. 1 असेल तर ते पाण्याच्या बाटल्यांचं पेट, गरम आमटी ओतली तर वाकडं होतं. ‘बीपीए फ्री’च्या स्टिकरला भुलू नका. बीपीए हे काही कडक प्लास्टिकमध्ये वापरलं जाणारं रसायन, पॉलिप्रॉपिलीनमध्ये ते मुळातच वापरत नाहीत. पावभाजी 5 नंबरच्या डब्यात काही वेळा मायक्रोवेव्ह केली की तेलाचा तवंग जिथे टेकतो, तिथे एक खरखरीत पांढुरकी कड उठते. बोट फिरवलं तर लागते. भाजीतलं पाणी 100 अंशांच्या आसपास थांबतं, तेल त्याच्या पुढे जातं आणि तेवढ्या रेषेत प्लास्टिक सोलवटतं. ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं असूनही हे होतं. हॉटेलच्या पार्सलचे डबे तर आणखी पातळ. ते निवडलेल्या कोथिंबिरीला, कढीपत्त्याला ठेवा.

फ्रीझरमध्ये मात्र प्लास्टिक बरं. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. काठोकाठ भरलेला काचेचा डबा त्याने तडकू शकतो, प्लास्टिक तेवढं सांभाळून घेतं. ओल्या नारळाचा चव, वाटण, मटारचे दाणे इथे. काढताना आपटू नका, थंडीत हे प्लास्टिकही ठिसूळ होतं.

साहित्यापेक्षा डब्याची उंची जास्त महत्त्वाची, आणि याकडे कुणी बघत नाही. भाताचंच घ्या. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष फोडणीच्या भाताच्या आचेलाही दाद देत नाही. म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी परतून निर्धोक होत नाही. शिजल्यापासून दोन तासांत तो फ्रीजमध्ये गेला पाहिजे. उंच डब्यात दाबून भरलेला भात मधे तासन् तास कोमट राहतो. पसरट डब्यात दोन-तीन बोटं उंचीचा थर लवकर निवतो. आमटीची घाई असेल तर डबा परातीतल्या गार पाण्यात ठेवा. इथे स्टील काच-प्लास्टिकला सहज मागे टाकतं.

आकार चौकोनी घ्यावा. चौकोनी जागेत गोल डबा ठेवला की पाचवा हिस्सा कोपऱ्यांत वाया जातो. मापाबाबत सेटवाल्यांचं ऐकू नका. उरते ती वाटीभर भाजी आणि दोन माणसांची आमटी; त्यांना 300-350 आणि 600-700 मिलिलिटर पुरतं. सेटमधल्या दीड लिटरच्या डब्यात शेवटी रवाच जातो.

मायक्रोवेव्ह नसलेल्या घराने स्टीलचे पसरट डबे घ्यावेत आणि फ्रीझरपुरते दोन प्लास्टिकचे. ऑफिसला डबा नेऊन तिथे गरम करणाऱ्याने काचेचे दोन घ्यावेत, बाकी स्टील. चारही बाजूंनी खटके असलेलं झाकण घेणार असाल, तर खोबणीतली सिलिकॉनची रिंग सुटी होते का ते बघा. तिच्याखाली काळी बुरशी धरते आणि लसणाचा, बोंबलाचा वास तिथेच मुरतो. चमच्याच्या दांड्याने निघाली पाहिजे. दुकानातच डब्यात पाणी भरून, झाकण लावून आडवा करून बघा. खटक्याची बिजागरी तुटली की चांगली काच नुसती पडून राहते, म्हणून झाकण सुटं मिळेल का हे बिल करण्याआधी विचारा. नाही म्हणाले, तर दुसरा नमुना दाखवायला सांगा.