दहा इंची, बारा इंची की दोन बारा? एकाच गिटार अॅम्पवर तिन्ही वाजवल्यानंतर

गिटार कॉम्बो (अॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न वॅटचा असतो. दुसरा ट्यूब (काचेच्या नळ्यांचा) की सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरचा), आणि तिसरा किमतीचा. स्पीकर पेटीबरोबर जो येईल तो. गेल्या गणपतीपासून मी एकच अॅम्प तीन वेगवेगळ्या स्पीकर-मांडण्यांवर वाजवतोय, एक दहा इंची, एक बारा इंची आणि दोन बारा इंची, आणि आता कुणी विचारलं तर मी आधी उलट विचारतो, की वाजवणार कुठे, आणि अॅम्प उचलून नेणार कोण?

अॅम्प फेंडरच्या छोट्या प्रिन्स्टन कॉम्बोच्या धाटणीचा आहे, एका कारागिराकडून हाताने बांधून घेतलेला. आउटपुटला ६व्ही६ ट्यूबची जोडी, साधारण १५ वॅट, मागून उघडी पेटी, आणि ट्रान्सफॉर्मरला ४ व ८ ओहमचे दोन्ही टॅप, म्हणजे त्या-त्या ओहमच्या स्पीकरसाठी वेगळी जोडणी. हे टॅप मी हट्टाने मागून घेतले होते, कारण प्रयोग करायचाच होता. गिटार दोन, एक टेलिकास्टर आणि एक हम्बकरवाली (दुहेरी कॉइलच्या, जाड आवाजाच्या पिकअपची). राहायला ठाण्यात फ्लॅटमध्ये. चौघांचा बँड आहे, छोट्या पब-कॅफेत वाजवतो, आणि सीझनला ऑर्केस्ट्रात बसतो.

सुरुवात मूळच्या दहा इंचीने केली, जेन्सन सी१०आर. प्रिन्स्टनच्या पेटीत हाच किंवा याच जातीचा स्पीकर असतो. घरात याला तोड नाही. पिक तारेला लागताक्षणी सूर बाहेर येतो, खालच्या ई तारेचा गुबगुबाट होत नाही, आणि आवाज २ वर ठेवला तरी गिटार गिटारसारखी वाजते. रेकॉर्डिंगलाही उत्तम, कारण माइकसमोर फाफटपसारा नसतो. अडचण आवाज ५ च्या पुढे गेल्यावर सुरू होते. हम्बकरवर पॉवर कॉर्ड मारली की खालचा सूर पिचतो, कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या कागदी पडद्याला) तेवढी हवा ढकलणं जमतच नाही. पबमध्ये ड्रमर रंगात आला की मी हात चालवत असल्याचं लोकांना फक्त दिसायचं.

पण ऑर्केस्ट्रात हाच स्पीकर सगळ्यात जास्त कामाला आला. तिथे खालची जागा आधीच भरलेली असते. ढोलकी, ऑक्टोपॅड, बेस गिटार, वर कीबोर्डवाल्याचा डावा हात. जुन्या सिनेगीतांतल्या गिटारचं काम असतं सुटे सूर, छोटे तुकडे आणि ऱ्हिदमची कापाकापी. दहा इंचीचा आवाज त्या गर्दीतून वाट काढत नेमका वर येतो. साउंडवाला माइक लावणारच असतो, त्यामुळे स्टेजवर मोठा आवाज हवाच असतो असं नाही. ऑर्केस्ट्रात बसणाऱ्या मुलांनी बारा इंचीच पाहिजे असा आग्रह धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग दिवाळीनंतर सुताराकडून दुसरा बॅफल (स्पीकर बसवायची पुढची फळी) करून घेतला. बारा इंची स्पीकरला साधारण २८० मिलिमीटरचं भोक लागतं, दहा इंचीला २३० च्या आसपास. प्रिन्स्टनच्या पेटीत बारा इंची बसतो, पण अगदी घासून. आधी पुठ्ठ्याचा गोल कापून आत धरून बघा, आणि स्पीकरची खोली मोजा. मॅग्नेट आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर एकमेकांना भिडतात, म्हणून भोक मधोमध न घेता बाजूला सरकवावं लागतं. माझ्याकडे दोघांमध्ये बोटभर जागा उरली. मॅग्नेट मोठा असलेला स्पीकर असता तर तीही उरली नसती. स्पीकर घातला सेलेस्टियनचा जी१२एम क्रीमबॅक, ६५ वॅटचा, संवेदनशीलता (तेवढ्याच वॅटवर स्पीकर किती मोठा वाजतो ते) ९७ डेसिबल.

ही खटपट नवी नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ या अॅम्प दुरुस्त करणाऱ्याने एका ग्राहकाच्या प्रिन्स्टनमध्ये जास्त ताकदीचं सर्किट आणि बारा इंची जेबीएल स्पीकर कोंबला होता. तो अॅम्प गिटारवादक कार्लोस सँटानाने वाजवून बघितला, आणि तिथूनच पुढे मेसा बूगी ही अॅम्प कंपनी उभी राहिली. माझ्या पेटीतून कंपनी वगैरे उभी राहणार नाही, पण आवाज मात्र बदलला. मिड (मधले सूर) भरला, खालचे सूर मोकळे झाले, आणि लीड वाजवताना वरचे सूर कानाला बोचायचे थांबले. अॅम्पचं सर्किट तेच, ट्यूब त्याच. टेलिकास्टरच्या ब्रिज पिकअपवर फरक सगळ्यात जास्त कळला. आधी ट्रेबल ४ वर ठेवावा लागायचा, आता ६ वर सुखाने राहतो.

हा सगळा फरक इंचांचा नाही, हे मात्र लक्षात ठेवा. स्पीकर बदलला तेव्हा आकाराबरोबर मॉडेलही बदललं. मित्राचा सेलेस्टियनचाच व्हिंटेज ३० काही दिवस आणून याच बॅफलवर लावला, तर तोही बारा इंचीच, पण चेहरा वेगळा. वरचा मिड पुढे आला आणि अॅम्प एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. कारण सरळ आहे. व्हिंटेज ३० ची संवेदनशीलता १०० डेसिबल, माझ्या स्पीकरपेक्षा ३ ने जास्त. ३ डेसिबल म्हणजे अॅम्पचे वॅट दुप्पट केल्याइतका फरक. १५ वॅटचा अॅम्प ३० वॅटच्या अॅम्पसारखा वागायला लागतो, तेही ट्यूबला हात न लावता. ज्यांना आवाज कमी पडतो म्हणून नवा अॅम्प घ्यायचाय, त्यांनी आधी जुन्या स्पीकरच्या पाठीवरचा नंबर वाचावा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हीच गोष्ट उलट वापरावी. ९६-९७ चा स्पीकर घेतला तर ट्यूब जरा तापवता येतात आणि खालच्या मजल्यावरून फोन येत नाही.

जास्त स्पीकर म्हणजे जास्त चांगला टोन, ही समजूतही जरा तपासून घ्यावी अशी आहे. जुन्या काळी कागदी कोनचे स्पीकर फारसे वॅट झेलत नसत. व्हॉक्स एसी३० मध्ये सेलेस्टियन ब्लू दोन असतात, एकेक १५ वॅटचा. बेरीज बरोबर ३०. मार्शलच्या चार बाराच्या कपाटात २५ वॅटचे चार ग्रीनबॅक, म्हणजे १०० वॅटच्या हेडला (स्पीकरशिवायच्या अॅम्पला) पुरतील एवढेच. फेंडरचा बासमन हा बेस अॅम्प १९५२ मध्ये एका पंधरा इंचीवर आला आणि काही वर्षांतच चार दहावर गेला. तो बेसवाल्यांपेक्षा गिटारवाल्यांनीच उचलला, आणि जिम मार्शलच्या पहिल्या जेटीएम४५ अॅम्पचं सर्किट त्याच्यावरूनच बेतलेलं होतं. या मांडण्यांमागे आधी गरज होती. त्यांचा आवाज कानात बसला तो नंतर. आज एकच स्पीकर ६५ वॅट खातो, त्यामुळे १५ वॅटच्या अॅम्पला दोन स्पीकर लागतात ते ताकदीसाठी नव्हे.

मग कशासाठी, ते तिसऱ्या मांडणीवर कळलं. संक्रांतीच्या सुमारास प्लायची वेगळी पेटी करून घेतली, तीही मागून अर्धी उघडी, आणि आत तसाच दुसरा क्रीमबॅक. दोन्ही ८ ओहमचे, समांतर जोडले की ४ ओहम, म्हणून अॅम्पच्या ४ ओहमच्या टॅपवर. सिरीजमध्ये जोडले असते तर १६ झाले असते आणि माझ्याकडे तसा टॅप नाही. ट्यूब अॅम्प स्पीकर न लावता चालू करायचा नाही, हे जाणकारांना सांगायला नको, पण पेट्या बदलताना नेमकी तीच गडबड होऊ शकते. आधी अॅम्प बंद, मग केबल. आणि केबल स्पीकरचीच हवी, गिटारची शील्डवाली नव्हे.

दोन स्पीकरांची दिशा जुळवायलाही विसरू नका. एक आत जाताना दुसरा बाहेर येत असेल तर खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि दोन बारा एका दहापेक्षा पोकळ वाजतात. स्पीकर अॅम्पपासून सोडवा आणि ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवा, प्लसला प्लस. कोन बाहेर सरकताना डोळ्यांना दिसतो. दोन्ही एकाच बाजूला सरकले की झालं.

दोन बाराने आवाज दुप्पट होत नाही. अंगात येतो, असं म्हणेन. खालच्या सुरांना छाती येते, आणि मुख्य म्हणजे आवाज पसरतो. एकट्या बारा इंचीचा त्रास असा की वरचे सूर कोनच्या समोरच झोतासारखे जातात. साधारण १ किलोहर्ट्झच्या पुढे हा प्रकार सुरू होतो, कारण तिथे लहरीची लांबी कोनच्या व्यासाएवढी होते. अॅम्प जमिनीवर, मी त्याच्यासमोर उभा. मला माझा आवाज गोड आणि गोल लागायचा, आणि पहिल्या टेबलवरचा माणूस कानात बोट घालायचा. दुसरी पेटी ड्रमरच्या बाजूला वळवून ठेवली तेव्हा ती तक्रार मिटली, कारण अॅम्प कमी आवाजावर ठेवूनही सगळ्यांना ऐकू यायला लागला. बेसवाल्याने मॉनिटरमधली गिटार बंद करायला सांगितली, यातच सगळं आलं.

अर्थात अॅम्प नुसता तिरका केला तरी निम्मं काम होतं. भिंतीला टेकवू नका. उघड्या पेटीचा मागचा आवाजही आपल्या कामाचा असतो, त्याला भिंतीपासून हात-दीड हात जागा द्या. मांडवात अॅम्प प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवायची पद्धत आहे. उंची छान मिळते, पण ठरावीक सुराला खुर्चीच थरथरते आणि तो सूर माइकमध्ये जातो. खाली दुमडलेली सतरंजी घातली की थांबते.

माइकवरून आठवलं. मोठ्या जागी साउंडवाला एकाच स्पीकरसमोर माइक लावतो. तुमच्याकडे दोन बारा असोत की चार दहा, लोकांपर्यंत जातो तो त्या एका कोनचा आवाज. पसारा फक्त स्टेजवरच्यांसाठी. याला अपवाद रोलंड जेसी-१२०. १९७५ पासून चालत आलेला हा अॅम्प अजूनही कितीतरी स्टेजांवर दिसतो. त्यात दोन बारांना दोन स्वतंत्र पॉवर अॅम्प आहेत. कोरस चालू केला की एकातून सरळ सूर येतो, दुसऱ्यातून हेलकावणारा, आणि दोन्ही हवेत मिसळतात. तिथे दोन स्पीकर नसतील तर मुद्दाच संपतो, आणि माइकही दोन हवेत. स्टिरिओ डिले-रिव्हर्ब वापरणाऱ्यांनाही हेच लागू.

मग सरळ दोन बाराचा कॉम्बोच का नाही घेतला? पाठीमुळे. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब २९ किलोच्या घरात जातो, एक बाराचा डिलक्स रिव्हर्ब १९ किलोच्या आसपास. कागदावर १० किलोचा फरक काही वाटत नाही. रात्री साडेबाराला कार्यक्रम संपल्यावर लिफ्ट नसलेल्या पबच्या जिन्यावर वाटतो. माझ्या दोन पेट्या एका हातात एक अशा येतात, रिक्षाच्या मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसतात, गिटार मांडीवर. छोटा कार्यक्रम असेल तर एक पेटी घरीच. वर्षातले बहुतेक कार्यक्रम छोटेच असतात, त्यामुळे दुसरी पेटी निम्म्याहून जास्त वेळ कोपऱ्यात बसून असते, आणि घरातल्यांनी तिच्यावर कुंडी ठेवायला सुरुवात केली आहे. पावसाळ्यात कागदी कोनच्या डोक्यावर पाण्याची कुंडी! रोज हलवतो, रोज परत येते.

आठ इंचीबद्दल विचाराल तर, सरावाच्या छोट्या अॅम्पपुरतं ठीक. बँडमध्ये तो नेऊ नका. चार दहाचं मला आकर्षण आहे. फेंडरचा चार दहाचा सुपर रिव्हर्ब एकदा स्टुडिओत वाजवलाय. चार दहांचं क्षेत्रफळ एका बाराच्या पावणेतीन पट भरतं, त्यामुळे बेसही भरपूर आणि दहा इंचीचा चटपटीतपणाही कायम. पण तो ३० किलोच्या आसपासचा आणि स्वतःची गाडी असणाऱ्यांचा. त्याचा आउटपुट २ ओहमचा असतो, म्हणजे चारातला एक स्पीकर गेला आणि बदली वेगळ्या ओहमची लावली तर हिशोब बिघडतो. आपल्याकडे ऐन वेळी बरोबर ओहमचा दहा इंची मिळणं कठीण.

पहिलाच कॉम्बो घेत असाल आणि घर व छोटे कार्यक्रम दोन्ही करायचे असतील, तर एक बारा, मागून उघडा, ८ ओहम, आणि जादा स्पीकरचा जॅक असलेला बघा. जॅकशेजारी कमीत कमी किती ओहम चालतील ते छापलेलं असतं, ते वाचून घ्या. ट्यूब अॅम्प असेल तर स्पीकरचे वॅट अॅम्पच्या निदान दीड-दोन पट ठेवा. ट्यूब पूर्ण ताणल्या की १५ वॅटचा अॅम्प १५ वर थांबत नाही. दुकानात खुर्चीवर बसून वाजवू नका, तिथे स्पीकर गुडघ्यांशी बोलत असतो. आपली गिटार न्या, मित्राला वाजवायला लावा, आणि तुम्ही अॅम्पच्या भोवती एक पूर्ण चक्कर मारा, समोरून खाली वाकून, बाजूने, मागून. मग आवाज ज्या पातळीवर खरोखर वाजवणार आहात तिथे न्यायला सांगा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.