६०० की १२००? जुने फोटो स्कॅन करायला बसण्याआधी

घरातले जुने फोटो स्कॅन करायचे ठरले की चर्चा कोणता स्कॅनर घ्यावा यावर होते, पण गाडी अडते ती डीपीआयच्या, म्हणजे दर इंचाला किती ठिपके टिपायचे या आकड्याच्या, खान्यापाशी. ३०० कंजूषपणाचं वाटतं, १२०० निवडलं की नातवंडांची सोय केल्याचं समाधान मिळतं, आणि ६०० कडे कुणाचं लक्षच जात नाही. आमच्याकडचे आणि मामांकडचे अल्बम मी साध्या फ्लॅटबेडवर, म्हणजे काचेवर फोटो पालथा ठेवायच्या स्कॅनरवर, केले. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच.

आधी छापील फोटो. साडेतीन बाय पाच इंची नेहमीची प्रिंट ६०० ला घेतली की २१०० बाय ३००० पिक्सेल मिळतात, म्हणजे सहा मेगापिक्सेलच्या थोडं वर. १२०० ला तेच २५ होतात आणि टिफ फाइल १९ एमबीवरून ७५ वर जाते. हार्डडिस्क आता परवडतात, त्यामुळे जागेचा मुद्दा मी फारसा धरत नाही. पण चौपट पिक्सेलांत नवीन काय येतं? लॅबमधून आलेल्या रंगीत प्रिंटमध्ये ३०० च्या पलीकडे तपशील बेताचाच असतो. आजीच्या नथीतले मोती १२०० ला मोठे दिसले, जास्त दिसले नाहीत.

मग सरळ ३०० च का नको? माझ्यापुरतं उत्तर आहे सिल्क कागद. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले लग्नाचे अल्बम काढून बघा, फोटोवर बोट फिरवलं की बारीक जाळी लागते. बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून हा कागद लोक हौसेने मागून घेत. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो आणि त्या जाळीचा प्रत्येक उंचवटा चमकतो. नवरीच्या शालूपासून भटजींच्या कपाळापर्यंत सगळीकडे पांढरे ठिपके! ३०० ला हे ठिपके धड सुटे दिसत नाहीत, एकमेकांत मिसळून लाटांसारखे पट्टे उमटतात, आणि ते पुसायला गेलं की चेहरेही पुसट होतात. १२०० ला उलटा त्रास. प्रत्येक ठिपका इतका ठसठशीत येतो की आपण फोटो स्कॅन केलाय की कागद, असा प्रश्न पडावा. शिवाय सॉफ्टवेअर एवढ्या मोठ्या फाइलवर रेंगाळत बसतं. ६०० ला जाळी दिसते, पण आवरता येते. तोच फोटो काचेवर डोकं खाली, पाय वर असा फिरवून पुन्हा स्कॅन करायचा, ही दुसरी प्रत संगणकावर सरळ करून पहिलीवर बसवायची आणि वरच्या थराची अपारदर्शकता निम्मी करायची. दिव्याची चमक दोन्हींत वेगवेगळ्या बाजूंना पडलेली असते, त्यामुळे बरीचशी विरते. हा उद्योग १२०० ला मी दोन-चार फोटोंसाठी करेन, अख्ख्या अल्बमसाठी नाही. तुमच्याकडचे सगळे फोटो गुळगुळीत कागदावर असतील तर कदाचित तुम्हाला हा फरक इतका जाणवणारही नाही.

अपवाद आहेत. पासपोर्ट आकाराचे फोटो आणि निगेटिव्हएवढ्याच आकाराच्या जुन्या कृष्णधवल कॉन्टॅक्ट प्रिंट मात्र १२०० ला घ्या. मोठं करून छापायचं तर तिथे पिक्सेल कमी पडतात, आणि अशा प्रिंटमध्ये बारकावाही बरा असतो.

फिल्मचं गणित निराळं. ३५ मिमीची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची, तिथे ६०० म्हणजे टपाल तिकीट. निवड असते २४०० आणि ४८०० मध्ये. २४०० ला साडेसात मेगापिक्सेलच्या आसपास मिळतात, ४८०० ला ३१. फ्लॅटबेडच्या खोक्यावर ६४०० सुद्धा छापलेलं असतं, पण त्याची लेन्स त्या आकड्याच्या जवळपासही पोचत नाही. मी दोन्ही करून शेजारी ठेवले; ४८०० ला तोच धूसरपणा फक्त फुगला, असं माझं मत. लॅबकडे खास फिल्म स्कॅनर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ४००० मागून घ्यावं, विशेषतः चांगल्या कॅमेऱ्यातल्या स्लाइड असतील तर.

धूळ काढणारा इन्फ्रारेडचा पर्याय रंगीत निगेटिव्हवर फार कामाचा, पण नेहमीच्या कृष्णधवल फिल्मवर बंद ठेवा. तिच्यातली चांदीच इन्फ्रारेड अडवते आणि मशीन चित्रालाच धूळ समजतं.

राहिल्या आग्फाच्या क्लिक थ्री या जुन्या कॅमेऱ्याच्या चौकोनी निगेटिव्ह. त्या २४०० लाच ५३०० बाय ५३०० पिक्सेल देतात, साध्या लेन्सच्या त्या कॅमेऱ्याला ते भरपूर झालं. ४८०० ला एकेक फ्रेम शंभर मेगापिक्सेलच्या पुढे जाते आणि माझा संगणक ती उघडतानाच धापा टाकतो.