कौटुंबिक क्रूझ: जाहिरातीतलं ‘सगळं समाविष्ट’ नेमकं किती?

मुलांसाठी क्रूझची सुट्टी खरोखर छान असते. रोज सामान बांधायला लागत नाही, जेवणाची काळजी नाही. पण तिचं वर्णन बहुतेक वेळा फसवं असतं, आणि त्याचा राग यायलाच हवा.

‘सगळं समाविष्ट’ म्हणजे सहसा केबिन, मुख्य डायनिंग हॉल, बुफे आणि शो. सॉफ्ट ड्रिंक, वाय-फाय, खास रेस्टॉरंट, किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे बहुधा वेगळे. टिपही अनेक जहाजांवर माणशी, रोजच्या हिशेबाने बिलात चढते, लहान मुलांचीसुद्धा. बुकिंगआधी हा आकडा लेखी मागा.

‘चौघांची केबिन’ यात बहुधा दोन पलंग भिंतीतून किंवा छतातून उघडणारे असतात. ते उघडले की चालायला जागा उरत नाही. ‘समुद्रदर्शन’ लिहिलेल्या खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असू शकते, म्हणून डेक प्लॅनवर, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या नकाशावर, केबिन नंबर शोधाच. बोट लागत असेल, म्हणजे हेलकाव्यांनी मळमळत असेल, तर जहाजाच्या मधली, खालच्या डेकवरची केबिन घ्या. तिथे हेलकावे कमी.

किड्स क्लब, म्हणजे जहाजावर मुलांना खेळायला सोडायची जागा, बहुधा 3 वर्षांपासून, तोही डायपर सुटला असेल तरच. डायपरमधल्या बाळांना मुख्य पूलमध्येही सहसा उतरू देत नाहीत. हे वर्णनात ठळक का नसतं?

पहिल्या दिवशी बॅगा केबिनपर्यंत पोचायला संध्याकाळ होते. औषधं, पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं रोमिंग बिल भलतंच येतं.