‘ऑलिंपिकमध्ये आहे का?’ हा प्रश्न अर्धाच आहे

दादाचा कऱ्हाडहून फोन आला. पुतणी तेरा वर्षांची. शाळेच्या कबड्डी संघात चढाईला जाते. मे महिन्यात धनुर्विद्येच्या शिबिराला घातली, तर तिथल्या सरांनी "हिचे खांदे चांगले आहेत, सोडू नका" म्हणून सांगितलं. शाळेतले सर म्हणतात, कबड्डीच. दोन्हीचा सराव संध्याकाळी पाच ते सात, म्हणजे एकच निवडायचं. दादाचा प्रश्न एका वाक्याचा: "ऑलिंपिकमध्ये यातलं काय आहे तेवढं सांग, त्यात घालतो."

उत्तर सोपं होतं. धनुर्विद्या आहे, कबड्डी नाही. पण तेवढं सांगून फोन ठेवला असता तर दादाची फसवणूक झाली असती. आपल्या मुलांपुढे मोठ्या बहुक्रीडा स्पर्धा तीन: ऑलिंपिक, आशियाई आणि राष्ट्रकुल. तिन्हींच्या खेळांच्या याद्या वेगळ्या आणि त्या ठरवणारी माणसंही वेगळी. यजमान शहर बदललं की यादीचा काही भाग हलतो. कुठे किती हलतो, हे पोराला एखाद्या खेळात घालण्याआधी बघायला हवं.

ऑलिंपिक: जड दार

नवा खेळ ऑलिंपिकमध्ये घुसवणं सगळ्यात अवघड. पूर्वी ऑलिंपिकच्या सनदेत साफ आकडाच होता: पुरुषांचा खेळ किमान 75 देशांत आणि चार खंडांत खेळला जात असेल, महिलांचा 40 देशांत आणि तीन खंडांत, तरच विचार. आता कात्री लावते ती खेळाडूंची एकूण संख्या. साधारण 10,500 ही मर्यादा धरलेली, त्यामुळे भरलेल्या एसटीसारखी अवस्था. कुणी उतरल्याशिवाय नव्याला जागा नाही.

2014 च्या सुधारणांनंतर यजमान शहराला आपले काही जादा खेळ सुचवायची मुभा मिळाली. टोकियोने कराटे, स्केटबोर्डिंग, सर्फिंग, क्लाइंबिंग आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल आणलं. पॅरिसने कराटे आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल वगळून ब्रेकिंग हा नाचाचा प्रकार घेतला. लॉस एंजेलिसने ब्रेकिंग वगळलं आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल परत आणलं. कराटेवाल्यांनी किती वर्षं वाट पाहिली आणि त्यांच्या वाट्याला आलं एकच ऑलिंपिक. स्केटबोर्डिंग, सर्फिंग आणि क्लाइंबिंग मात्र पाहुणे म्हणून आले ते घरचेच होऊन बसले.

लॉस एंजेलिसच्या पाच जादा खेळांवर शिक्का बसला तो आपल्या मुंबईत. ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं 141 वं अधिवेशन बीकेसीत भरलं होतं. 16 तारखेला क्रिकेट, स्क्वॉश, फ्लॅग फुटबॉल, लॅक्रोस आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल मंजूर झाले. फ्लॅग फुटबॉल हा अमेरिकन फुटबॉलचाच एक प्रकार, तो कुणासाठी हे सांगायला नको. क्रिकेट 1900 नंतर पहिल्यांदा आलं, आणि त्यामागे आपल्याकडचे टीव्हीसमोर बसणारे कोट्यवधी डोळे नाहीत असं मला कुणी पटवून देऊ नये. या पाच खेळांसाठी मूळ 10,500 वर आणखी 698 जागा वाढवल्या. क्रिकेटच्या वाट्याला पुरुषांचे सहा आणि महिलांचे सहा संघ आले.

जुना खेळ तरी सुरक्षित असतो का? कोल्हापुरातल्या कोणत्याही तालमीत विचारा. फेब्रुवारी 2013 मध्ये समितीच्या कार्यकारी मंडळाने 2020 पासून कुस्तीलाच कायम खेळांच्या यादीतून काढायची शिफारस केली. खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणलं तो खेळ, प्राचीन ग्रीसपासून चालत आलेला, आणि त्याला दार दाखवलं. कुस्तीच्या जागतिक महासंघाने अध्यक्ष बदलला, नियम बदलले, महिलांचे वजनगट वाढवायची तयारी दाखवली. मग सप्टेंबरमध्ये ब्वेनोस आयरेसच्या मतदानात 49 मतं मिळवून कुस्ती परत आली. बेसबॉल-सॉफ्टबॉलला 24 आणि स्क्वॉशला 22 मतं पडली होती. तेव्हा हरलेलं स्क्वॉश दहा वर्षांनी मुंबईत आत आलं.

शहर निवडण्याची पद्धतही पार बदलली आहे. आधी शहरं उघड शर्यतीत उतरायची आणि सात वर्षं आधी सदस्य मतदान करायचे. 2024 साठीच्या शर्यतीतून बोस्टन, हॅम्बुर्ग, रोम आणि बुडापेस्ट एकामागून एक बाहेर पडले. हॅम्बुर्गमध्ये तर लोकांनी सार्वमतातच नाही म्हटलं. उरले पॅरिस आणि लॉस एंजेलिस. समितीने 2017 मध्ये लिमाला एकाच बैठकीत एकाला 2024 आणि दुसऱ्याला 2028 देऊन टाकलं. हातातलं गिऱ्हाईक सोडायचं नाही, हा सरळ बाजाराचा हिशेब. 2019 पासून तर स्थळ पाहण्यासारखं चालतं: एक आयोग इच्छुकांशी बंद दाराआड बोलणी करतो, एक नाव पुढे करतो आणि अधिवेशन त्यावर अक्षता टाकतं. ब्रिस्बेनला 2032 असंच मिळालं, तब्बल अकरा वर्षं आधी, 72 विरुद्ध 5 मतांनी.

भारताने 2036 साठी ऑक्टोबर 2024 मध्ये इरादापत्र दिलं आहे. जून 2025 मध्ये क्रिस्टी कोव्हेंट्री समितीच्या अध्यक्षपदी आल्या आणि त्यांनी यजमान निवडीची प्रक्रिया थांबवून तिचा फेरविचार सुरू केला. त्यामुळे ‘2036 भारतात आणि मग कबड्डी ऑलिंपिकमध्ये’ हे गणित मांडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, त्यात दोन जर-तर एकावर एक रचलेले आहेत.

आशियाई: यजमानाचं ताट मोठं

आपल्या पिढीला एशियाड म्हटलं की आधी एसटीची निमआराम गाडी आठवते. 1982 च्या दिल्लीच्या स्पर्धेत वापरलेल्या गाड्यांवरून ते नाव रुळलं. त्याच स्पर्धेत कबड्डीचं प्रात्यक्षिक झालं आणि 1990 ला बीजिंगमध्ये ती पदकाचा खेळ झाली. तिथपर्यंतचा रस्ता लांबचा होता. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक 1936 ला बर्लिनमध्ये देशी खेळ दाखवून आलं होतं.

इथे यादी आशियाई ऑलिंपिक परिषद ठरवते. तिचा स्वभाव ऑलिंपिकच्या उलट. ऑलिंपिकचे खेळ घेतातच, वर आशियाच्या वेगवेगळ्या भागांतले खेळ आणि यजमानाच्या पसंतीचे खेळ. 2023 ला चीनमधल्या हांगझोऊत झालेल्या स्पर्धेत 40 खेळ होते आणि 481 सुवर्णपदकं. पॅरिसमध्ये 329. हांगझोऊच्या यादीत ब्रिज, बुद्धिबळ, चिनी बुद्धिबळ, ड्रॅगन बोट, ई-स्पोर्ट्स सगळं.

यजमानाच्या पसंतीचं सगळ्यात बोलकं उदाहरण 2018 चं. त्या स्पर्धेचं यजमानपद व्हिएतनामच्या हनोईकडे होतं. 2014 मध्ये त्यांनी पैशाचं कारण देऊन हात वर केले आणि मग ते जकार्ता-पालेमबांगकडे आलं. इंडोनेशियाने पेंचाक सिलाट ही आपली युद्धकला आणली, त्यात 16 सुवर्णपदकं ठेवली आणि त्यातली 14 स्वतः जिंकली. त्यांची एकूण सुवर्णपदकं 31. मला यात गैर वाटत नाही. घरच्या लग्नात वाढप्याला सांगून आपल्या माणसाच्या पानात एक जिलबी जास्त घालतातच. पण पाहुण्याने पुढच्या लग्नातही तेवढीच जिलबी मिळेल असं धरू नये.

क्रिकेटचं बघा ना: 2010 आणि 2014 ला होतं, 2018 ला नव्हतं, हांगझोऊत पुन्हा आलं, आणि ऋतुराज गायकवाडच्या संघाने सुवर्ण आणलं. कबड्डी मात्र 1990 पासून एकदाही बाहेर गेलेली नाही. इराणने 2018 मध्ये आपल्या दोन्ही संघांना धक्का दिला, त्याने खेळाचं भलंच झालं, कारण एकाच देशाची मक्तेदारी असलेला खेळ यादीत टिकवणं कठीण जातं. पुढची स्पर्धा 2026 ची आइची-नागोयाची, त्यानंतर 2030 दोहा आणि 2034 रियाध, म्हणजे पुतणीचं पुरतं खेळण्याचं वय होईपर्यंतचे यजमान आजच माहीत आहेत.

राष्ट्रकुल: वाळूवरचं घर

तिन्हींत सगळ्यात कमी भरवशाची यादी हीच. इथे ॲथलेटिक्स आणि जलतरण एवढंच पक्कं, बाकी बरंचसं यजमानावर. धनुर्विद्या इथे फक्त दोनदा झाली, 1982 ब्रिस्बेन आणि 2010 दिल्ली. नेमबाजीत भारताने 2018 ला गोल्ड कोस्टमध्ये 66 पैकी 16 पदकं मिळवली, आणि 2022 ला बर्मिंगहॅमने तो खेळच ठेवला नाही. भारताने बहिष्काराची भाषा केली, तरी तो आला नाही.

यजमान मिळवण्यात तर इथे भलतीच ओढाताण. 2003 मध्ये दिल्लीने कॅनडाच्या हॅमिल्टनला 46-22 असं हरवलं, तेव्हा प्रत्येक सदस्य देशाला सरावासाठी एक लाख डॉलर द्यायचं कबूल केलं होतं. तेव्हा शहरं पैसे देऊन स्पर्धा मागत होती. आता उलटं. 2022 ची डर्बनकडून काढून बर्मिंगहॅमला द्यावी लागली. 2026 ची ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने घेतली आणि जुलै 2023 मध्ये खर्च परवडत नाही म्हणून सोडली, वर 38 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई मोजली. शेवटी ग्लासगो धावून आलं, पण चार जागांत मावतील एवढेच 10 खेळ घेऊन. त्यात हॉकी, कुस्ती, बॅडमिंटन, क्रिकेट, नेमबाजी आणि स्क्वॉश सगळं गेलं. बर्मिंगहॅमला आपल्या 61 पदकांपैकी 12 एकट्या कुस्तीची होती, यावरून घाव किती खोल ते कळेल.

2030 ची, शताब्दीची स्पर्धा अहमदाबादला. नोव्हेंबर 2025 मध्ये ते पक्कं झालं, नायजेरियाचं अबुजा मागे राहिलं. खेळ 15 ते 17 असतील आणि यजमानाला दोन नवे किंवा पारंपरिक खेळ सुचवता येतील. कबड्डी-खोखोवाल्यांचे कान इथेच टवकारतात, आणि टवकारावेतही. फक्त 2034 ला पुन्हा कोण यजमान असेल आणि त्याला काय परवडेल, हा प्रश्न उरतोच.

मग पोरीला कुठे घालायचं?

दादाला मी खेळाचं नाव सोडून आतल्या प्रकाराबद्दल आणि जागांबद्दल विचारायला सांगितलं. धनुर्विद्या म्हणजे दोन वेगळ्या वाटा आहेत. रिकर्व्ह धनुष्याचा ताण शेवटपर्यंत बोटांवर राहतो आणि निशाण 70 मीटरवर. कंपाउंडला टोकांना चाकं असतात, पूर्ण खेचलं की भार एकदम हलका होतो, नेम भिंगातून, निशाण 50 मीटरवर. साताऱ्यात घडलेली अदिती स्वामी आणि तिथेच सराव करणारा नागपूरचा ओजस देवतळे दोघं 2023 ला जगज्जेते झाले ते कंपाउंडमध्ये. हांगझोऊत कंपाउंडची पाचही सुवर्णपदकं भारताची. म्हणून आपल्या भागात मुलं कंपाउंडकडे ओढली जातात.

ऑलिंपिकमध्ये मात्र 1972 पासून आहे तो रिकर्व्ह. कंपाउंडला लॉस एंजेलिसमध्ये पहिल्यांदा जागा मिळाली, तीही फक्त मिश्र दुहेरीला, म्हणजे देशाची एकच मुलगी आणि एकच मुलगा. रिकर्व्हला देशाच्या तीन मुली जाऊ शकतात, पण समोर कोरिया. पॅरिसमध्ये पाचही सुवर्णं त्यांनी नेली आणि आपल्याला आजवर ऑलिंपिकमध्ये धनुर्विद्येचं एकही पदक नाही. कबड्डीत दर चार वर्षांनी बारा मुली आशियाई स्पर्धेला जातात आणि पदकाची आशा दांडगी, पण त्यापुढे मजल नाही. प्रो कबड्डीचा पैसाही मुलांचा. मुलींना आधार रेल्वे-पोलीस भरतीचा आणि राज्याच्या 5 टक्के खेळाडू आरक्षणाचा. त्या आरक्षणाला कोणती स्पर्धा आणि कोणतं प्रमाणपत्र चालतं, ते शासन निर्णयात वाचून घ्यावं, सरांच्या तोंडी शब्दावर जाऊ नये.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. ॲथलेटिक्स, जलतरण, बॉक्सिंग आणि वेटलिफ्टिंग तिन्ही याद्यांत आहेत, ग्लासगोच्या कात्रीतूनही वाचले. बॉक्सिंग ऑलिंपिकमधून जाता जाता राहिलं, ते मार्च 2025 मध्ये पक्कं झालं. कुस्ती आणि नेमबाजी: ऑलिंपिक आणि आशियाई भक्कम, राष्ट्रकुल धरूच नका. स्वप्नील कुसळेचं पॅरिसचं कांस्य बघून रायफल हातात घेणाऱ्या पोराने राष्ट्रकुलचा विचार करायचं कारणही नाही. स्क्वॉश 1998 पासून आशियाईत आहे, ऑलिंपिकमध्ये 2028 नंतर राहील का हे यजमानाच्या मर्जीवर. क्रिकेटसाठी मुलाला ऑलिंपिकचं गाजर दाखवायची गरज नाही.

माझं मत दादाने विचारलं तेव्हा मी रिकर्व्ह म्हटलं. तीन जागा, पक्की यादी आणि तेरा हे सुरुवातीला बरं वय. पण कंपाउंड धनुष्य लाखाच्या घरात जातं, तेव्हा काहीही विकत घेण्याआधी शिबिरातल्या सरांना विचार, ते यातलं काय शिकवतात.

दोन दिवसांनी फोटो आला. पुतणीच्या हातात शिबिरातलंच लाकडी धनुष्य, टोकाला चाकं नाहीत. खाली दादाने लिहिलं होतं, "कबड्डी रविवारी."